खिडकीतला हार

तळमजल्यावरच्या गेर्लिंडेच्या खिडकीत झेंडूचा हार दिसला आणि माझा पाय पेडलवरून सटकला. पडले नाही, पण पेडल नडगीवर असं बसलं की डोळ्यांत पाणीच आलं. दिवस आधीच सडलेला होता. झुइडासच्या ऑफिसभागात, काचेच्या इमारतीत तोच तो डेमो तीनतीनदा, मग मेट्रोत उभ्याने, मग स्टेशनवरून सायकल, आणि आता हे. हँडल धरून मी तशीच थांबले. आमच्या डीमनला, या डच उपनगरात, तळमजल्याच्या खिडक्यांनासुद्धा कुणी पडदे ओढत नाही. लोकांचे सोफे, मांजरं, जेवणाची ताटं, सगळं रस्त्यावरून दिसतं आणि दिसूनही न बघता पुढे जायचं, ही इथली सभ्यता. मीही ती शिकलेय. पण खिडकीच्या कट्ट्यावर, ऑर्किडच्या दोन कुंड्यांमध्ये, एका माणसाचा जुना फोटो होता, त्याला केशरी झेंडूचा भरगच्च हार होता आणि काचेवर बरोबर त्याच्या दोन भुवयांच्या मध्ये कुंकवाचं बोट टेकवलेलं होतं. कुंकू जरा पातळ झालं असावं, नाकापर्यंत ओघळलं होतं. माणूस सुटातला. चापून बसवलेले केस, समजूतदार डोळे. कोटाच्या कॉलरवर एक गोल बिल्ला. हार डावीकडे सरकला होता, त्यामुळे बिल्ला उघडाच राहिला होता.

हे कुणाचं काम ते विचारायची गरजच नव्हती. माझे बाबा, प्रकाशगुरुजी. तालुक्याच्या शाळेत आधी शिक्षक, मग मुख्याध्यापक. नोकरी सोडून निवडणूक लढवली आणि जिल्हा परिषदेत शिक्षण सभापती झाले. आणि सध्या मुक्काम माझ्या घरी, तीन महिन्यांच्या व्हिसावर. उभ्या जन्मात त्यांनी इतके सत्कार केले आणि इतके करून घेतले की फुलं दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. सात समुद्र ओलांडले म्हणून ती खोड थोडीच जाणार. आज गुरुपौर्णिमा. सकाळी मी बॅग भरत होते तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "मंजू, सुईदोरा कुठे ठेवतेस गं?" मी "दुसरा ड्रॉवर" म्हणाले आणि निघाले. शर्टाचं बटण तुटलं असेल असं वाटलं. गार्डन सेंटरमधून हौसेने आणलेला माझ्या बाल्कनीतला सगळा झेंडू त्या दोऱ्यात जाणार आहे, हे डोक्यातही आलं नाही.

पण त्यांना तरी काय बोलायचं? अर्धी गोष्ट सांगितली मीच. मे महिन्यात ते आले आणि आठवड्याभरात कंटाळले. सकाळी देवपूजा, मग कालव्याच्या कडेने फेरी, मग खिडकीत बसून ट्राम मोजणं. सलोनी, माझी मुलगी, आजोबांचं मराठी सगळं समजून घेते आणि उत्तर डचमध्ये देते; तेवढ्यावर आजोबा-नातीचं कितीसं जमणार. आई गेल्यापासून ते असे रिकामे बसलेले मला बघवत नाहीत. म्हणून मी त्यांची खालच्या आजींशी ओळख करून दिली. म्हटलं, गेर्लिंडे मूळच्या जर्मन, लग्न होऊन इकडे आल्या, आता एकट्याच असतात. आणि त्यांचे वडीलही शाळामास्तर होते बरं का, मग राजकारणात गेले. एवढंच म्हटलं. बाबांचा चेहरा असा काही उजळला. "अगदी माझ्यासारखे की गं," म्हणाले. मी हसले. झाकली मूठ सव्वा लाखाची, पुढचं कशाला सांगायचं. त्यानंतर दर रविवारी बाबा खाली कॉफीला जायला लागले आणि त्यांच्यामध्ये दुभाषी म्हणून मी. त्यांचं मराठी, तिचं डच, आणि मधल्या गाळणीतून मला हवं तेवढंच जाणार. एकदा बाबांनी विचारलं, "यांचे वडील कुठल्या पक्षाचे होते?" मी गेर्लिंडेला विचारलं, तुमच्या वडिलांना फुलं कुठली आवडायची. ती म्हणाली, डेलिया, अंगण भरून डेलिया लावायचे. मी बाबांना सांगितलं, सत्ताधारी पक्षाचे. खोटं नव्हतं ते. दोघांनीही समाधानाने मान हलवली आणि मी बिस्किटाचा तुकडा कॉफीत बुडवला. मग एकदा ती वर आली, आईच्या फोटोला घातलेला चंदनाचा हार बघून हे काय म्हणून तिने विचारलं, बाबांनी सांगितलं, आणि उलट विचारलं की तुमच्या वडिलांचा फोटो कुठे दिसला नाही तो. त्या वेळी मी फोनवर होते, अर्धं लक्ष इकडे, आणि तो प्रश्न जसाच्या तसा माझ्या तोंडून निघून गेला. गेर्लिंडे म्हणाली, आहे कुठेतरी. तिचा आवाज मला तेव्हाच ऐकू यायला हवा होता.

कारण मला माहीत होतं. त्या सबंध इमारतीत एकट्या मला. कोविडच्या दिवसांत मी तिचं सामान आणून दाराशी ठेवायचे, त्यातून ओळख वाढली. वर्षाचे बाराही महिने तिची खिडकी उघडी असते, फक्त चार मेच्या संध्याकाळी ती पडदा ओढून घेते. त्या संध्याकाळी आठ वाजता सगळा देश युद्धात गेलेल्यांसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभा राहतो, ट्रामसुद्धा थांबते. त्या वर्षी तिने मला आत बोलावलं, पडद्याआड आम्ही दोघी उभ्या राहिलो आणि ती दोन मिनिटं संपल्यावर खुर्चीत बसत ती म्हणाली, तू लांबची आहेस, तुला सांगितलं तर चालेल. सीमेपलीकडच्या एका लहान गावात तिचे वडील प्राथमिक शाळेत शिकवायचे. वर्गात दोन ज्यू मुलं होती, कापडदुकानदाराची, भाऊ आणि बहीण. वडील त्यांना सांगायचे, उभे राहा. मग बाकीच्या वर्गाने त्यांच्याकडे नीट बघायचं, कान कसे, नाक कसं, कपाळ कसं. आणि वडील समजावून सांगायचे. कधी ओरडायचे नाहीत. त्यांचा आवाज फार मऊ होता, ती म्हणाली, झोपताना मला गोष्टी सांगायचे तोच आवाज. हे तिला वडिलांनी नाही सांगितलं. त्या वर्गात बसलेल्या एका बाईने कितीतरी वर्षांनी सांगितलं. पुढे वडील नाझी पक्षाचे त्या जिल्ह्याचे प्रमुख झाले. शाळा सुटली, गाडी आली, माणसं सलाम करू लागली. त्या कापडदुकानदाराचं कुटुंब स्टेशनवरून नेलं तेव्हा ते फलाटावर होते, सगळं नीट पार पडतंय ना बघायला. युद्धानंतर काही वर्षं कैदेत गेली, मग परत आले, डेलिया लावले, आणि गावातले लोक मरेपर्यंत त्यांना मास्तर म्हणूनच हाक मारत राहिले. इकडे तिची डच सासू शेवटपर्यंत तिच्या हातचं जेवली नाही. गेर्लिंडे म्हणाली, तिचं बरोबरच होतं.

त्या दिवशी मी वर आले आणि जिन्यातच बसले. गेर्लिंडेसाठी वाईट वाटत होतं, ते होतंच. पण मला तिथे खाली बसवलं ते तिच्या वडिलांनी नाही. "उभे राहा" हे शब्द मला माझ्या बाबांच्या आवाजात ऐकू आले होते. मऊ, हसरा आवाज, खिशात खडू, बाहीवर खडूची भुकटी. जून महिना, नव्या पुस्तकांचा वास, बाहेर पन्हाळीचं पाणी बादलीत पडतंय, आणि बाबा वर्गात येऊन म्हणतायत, "चला, सरकारचे जावई, उभे राहा बघू." फी-माफीची मुलं किती ते वर तालुक्याला कळवायचं असायचं, आणि मोजायचा हा त्यांचा प्रकार. वर्ग हसायचा. मीही हसायचे, बाबांचा विनोद, न हसून कसं चालेल. आठ-दहा मुलं उठायची, सगळी एकाच वस्तीतली, त्यांत माझ्याच बाकावरची प्रणिता. आम्ही दोघी एका बाकावर, ती उभी आणि मी बसलेली, तिच्या फ्रॉकची शिवण माझ्या नाकासमोर. बाबा मोजायचे आणि मग, हे अगदी त्यांच्या स्वभावातलं, "बसा" म्हणायला विसरायचे. फळ्याकडे वळून त्रैराशिक सुरू करायचे आणि ती मुलं उभीच. कुणाला आपण होऊन बसायचं सुचत नसे. मग मध्येच मागे वळून म्हणायचे, "अरे, अजून उभेच का?" आणि वर्ग दुसऱ्यांदा हसायचा. सातवीत एकदा प्रणिता उठली नाही. वही उघडून खाली मान घालून बसून राहिली. बाबा म्हणाले, "प्रणिता, अगं घेताना लाज नाही, मग उभं राहायला कसली?" ती उठली नाही ती नाहीच, आणि त्या वर्षी तिची माफी गेली. तिची आई गयाबाई शाळेत येऊन ऑफिसच्या दारात उभी होती, उंबऱ्याच्या बाहेर, आणि बाबा तिला आत ये म्हणत होते, अगदी मनापासून म्हणत होते, आणि ती येत नव्हती.

आता लगेच कुणी म्हणेल, काय तुलना करतेस बाई. मीच म्हणते की. कुठे तो माणूस आणि कुठे माझे बाबा. बाबांनी कुणाच्या केसालाही धक्का लावला नाही. उलट प्रणिताला रोज पहाटे आमच्या ओसरीवर बसवून गणित शिकवलं, पैसा घेतला नाही, आणि ती संशोधक झाली त्यात त्यांचाही हात आहे, हे ती स्वतः म्हणते. हे सगळं मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की पाठ झालंय. पण पाठ झालेलं म्हणताना माणूस जसा मध्येच अडखळतो, तशी मी दर वेळी त्या एका जागी अडखळते. गयाबाई उंबऱ्याबाहेर. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला सांगायचं, आणि सांगून काय म्हणायचं? माझे बाबा चांगले आहेत आणि मला त्यांची लाज वाटते, ही दोन वाक्यं मी एका दमात कधी उच्चारू शकलेली नाही. प्रणिता आता इथून तासाभरावर, रायस्वाइकला राहते. दोन वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात अचानक भेटली तेव्हा तिने मला मिठीच मारली, मराठीत बोलून बोलून आम्ही दमलो, आणि तो जून महिना आमच्या बोलण्यात आला नाही. गुरुजी आलेत हे कळल्यापासून ती विचारत होती, कधी येऊ भेटायला. मी म्हणायचे, जरा सर्दी झालीये त्यांना. मग म्हणायचे, आम्ही बेल्जियमला चाललोय. गेल्या आठवड्यात ती म्हणाली, "मंजू, मला भेटायचंच आहे त्यांना. रविवारी येते." मग टाळायला काही उरलं नाही.

सायकल लावून मी गेर्लिंडेची बेल वाजवली. तिने दार उघडलं तेव्हा तिच्या हातात पाण्याचा स्प्रे होता, ऑर्किडवर मारायचा. पण ऑर्किडची पानं कोरडी होती आणि झेंडूवर थेंब होते. मी बघितलेलं तिने बघितलं. स्प्रे ठेवून दिला. "तुझे वडील आले," ती म्हणाली, "फुलं घेऊन. तू नव्हतीस, म्हणून हातांनीच बोलत होते. मला कळलं ते काय मागतायत." साठ वर्षं तो फोटो कपाटात चादरींच्या खाली, पालथा. तिने तो काढून दिला. बाबांनी तो आपल्या धोतराच्या सोग्याने पुसला, हार घातला, कुंकू लावलं, आणि मग पायांतले मोजे काढून, डोळे मिटून त्याला हात जोडले. "मी थांबवायला हवं होतं," ती म्हणाली. "मला थांबवता आलं असतं. नको, एवढं म्हटलं असतं तरी त्यांना कळलं असतं." तिने ऑर्किडची एक कुंडी उगाच फिरवून ठेवली. "पण माझ्या वडिलांना आजवर कुणी फूल वाहिलं नाही. मीही नाही. मला वाटलं, एक दिवस. एक दिवस ते नुसते माझे वडील." मग मला न बघता तिने विचारलं, "तू त्यांना सांगितलंयस का?" मी नाही म्हटलं. "सांगणार आहेस?" खिडकीबाहेरून सायकली जात होत्या, एकापाठोपाठ एक. मी म्हटलं, हार काढून टाकू या का? ती म्हणाली, सुकेपर्यंत राहू दे, असं तुझे वडील खुणेने सांगून गेलेत. आणि तिचे गाल लाल झाले, एवढ्या वयात, शाळकरी मुलीसारखे.

वर बाबा खुशीत होते. "फोटो बघितलास? काय तेजस्वी माणूस आहे." मी मुगाच्या डाळीला फोडणी देत होते, मोहरी तडतडत होती, सांगायचं तर आत्ताच, पाठमोरीच असताना. बाबा, ते नाझी होते. चार शब्द. बाबांना नाझी म्हणजे काय ते चांगलं माहीत आहे, नववीला इतिहासही शिकवलाय त्यांनी. पण सांगितलं की ते दुखावणार, केलेल्या नमस्काराची त्यांनाच शरम वाटणार, खाली जाणं बंद होणार, गेर्लिंडेचा तो एक दिवस हिरावला जाणार. असली सगळी भली भली कारणं माझ्याजवळ तयार होती. खरं कारण वेगळं होतं. सांगितलं की ते विचारणार, असं काय केलं त्या माणसाने? आणि मला वर्गातली गोष्ट सांगावी लागणार, आणि ती सांगताना माझा आवाज मला दगा देणार. तेवढ्यात बाबा म्हणाले, "मंजू, रविवारी तिथेच, त्या खिडकीशी माझा एक फोटो काढ. उजेड छान पडतो. चांगला आला तर पुढे उपयोगी पडेल." पुढे म्हणजे कधी, ते मला कळलं. आईनेही असाच आपला फोटो आधी निवडून ठेवला होता. "काहीतरीच काय बाबा," मी म्हटलं, म्हणायचं असतं म्हणून. डाळीत पाणी ओतलं. त्यांच्या फोटोला हार मीच घालणार, दुसरं आहे कोण. तो घालताना माझ्या डोळ्यांपुढे काय येईल, याचीच मला त्या वेळी सगळ्यात भीती वाटली, आणि भीती वाटली याची शरम.

रविवारी प्रणिता दारात उभी राहिली तीच विचारत. "खाली खिडकीत हार घातलेला फोटो कुणाचा गं?" मी म्हटलं, खालच्या आजींच्या वडिलांचा. "अलीकडेच गेले का?" म्हटलं, नाही, खूप वर्षं झाली. तिच्या हातात पेढ्यांचा खोका होता. बाबा खाली कॉफीला गेले होते. त्यांना वर बोलावून घ्यावं असा माझा बेत, पण त्यांनी खिडकीतून तिला येताना पाहिलंच होतं, आणि सलोनी जिन्यावरून धावत येऊन सांगून गेली की आजोबा दोघींना खाली बोलावतायत. गेर्लिंडेच्या बैठकीत खुर्च्या चारच. बाबा खिडकीशी, कोट घातलेला, फोटो काढून घ्यायच्या तयारीत; हार घातलेला फोटोही त्यांनी त्यासाठी आत्ताच आतल्या बाजूला वळवून ठेवला होता. "प्रणिता ना तू? गयाबाईची?" तिने वाकून नाही, हात जोडून नमस्कार केला. "हो, गुरुजी. जय भीम." "हां, हां," बाबा म्हणाले, "ये, बस." आणि मग मला, "सांग त्यांना, माझी विद्यार्थिनी. वर्गात पहिली. आज इथे शास्त्रज्ञ आहे." त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. मी भाषांतर केलं, या वेळी शब्द न गाळता. प्रणिताने खोका उघडला, बाबांना पेढा दिला. ते म्हणाले, "आधी तिथे ठेव. हेही शिक्षकच होते हो, अगदी माझ्यासारखे. नमस्कार कर."

प्रणिता उठून खिडकीशी गेली. झेंडू आता कडेने तपकिरी झाला होता. ती वाकली, फोटोतला कॉलरवरचा बिल्ला जवळून बघितला, आणि पेढा हातातच ठेवून तिने गेर्लिंडेला विचारलं. डचमध्ये. माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या डचमध्ये. इथल्या लोकांबरोबर ती दिवसभर काम करते, विसरलेच होते मी. कोण होते हे? मी घाईने म्हटलं, शिक्षक होते, मग पुढे जरा राजकारणात. गेर्लिंडेने माझ्याकडे हात केला, पुरे, असा. आणि सांगितलं. मला त्या संध्याकाळी सांगितलं होतं त्याच क्रमाने, त्याच बारीक आवाजात. वर्ग, कापडदुकानदाराची मुलं, जिल्हा, फलाट, डेलिया. प्रणिता ऐकत उभी होती. दोघींना माझी गरज लागली नाही. "काय म्हणतायत गं?" बाबांनी मला विचारलं. मी तोंड उघडलं. नेहमीसारखं काहीतरी जिभेवर आलंसुद्धा, जुन्या आठवणी सांगतायत म्हणून. प्रणिता आपल्या खुर्चीवर येऊन बसली, पेढा खोक्यात परत ठेवला आणि म्हणाली, "गुरुजी, हे नाझी पक्षाचे जिल्हाप्रमुख होते. यांच्या गावातल्या ज्यूंना मरायला पाठवलं तेव्हा हे फलाटावर उभे राहून बघत होते."

बाबांनी फोटोकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे. मग गेर्लिंडेकडे, आणि तिने मान डोलावली. मला वाटलं, आता ते मला विचारतील, तुला माहीत होतं का. नाही विचारलं. ते म्हणाले, "तो काळच तसा असणार. वरून हुकूम आला की खालचा माणूस काय करणार." हेच वाक्य ते गयाबाईबद्दलही म्हणाले होते, त्या दुपारी, घरी जेवताना. मी ताटावर होते. प्रणिता शांतपणे म्हणाली, "फलाटाचं नंतरचं झालं, गुरुजी. त्याआधी शाळेत होते तेव्हा वर्गातल्या दोन ज्यू मुलांना हे उभं करायचे. सगळ्यांनी बघावं म्हणून." "उभं तर आम्हीही करायचो," बाबा म्हणाले. अगदी सहज, त्या परक्या मास्तराची बाजू घ्यावी तसं. "आकडा कळवावा लागायचा ना वर. त्यात एवढं काय. मी आपला हसतखेळत म्हणायचो, सरकारचे..."

तिथे ते थांबले. पुढचा शब्द आम्हा तिघांनाही पाठ होता. बाबांचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं आणि ते प्रणिताकडे बघत होते, माझी खात्री आहे की आयुष्यात पहिल्यांदा नीट बघत होते. आणि ती त्यांच्याकडे, रागाने नाही, हसून नाही, उत्तर यायला वेळ लागणाऱ्या मुलाकडे गुरुजी बघतात तशी. गेर्लिंडेला मराठीचा एक शब्द येत नाही. तरी तिने कप खाली ठेवला, तो न वाजवता. मग बाबांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिला, गुडघे कुरकुरले, आणि ते उठले. मला वाटलं, हार काढायला उठले. पण त्यांनी पाऊल टाकलं नाही. खिडकीकडे पाठ, फोटोसाठी घातलेला कोट, दोन्ही हात बाजूला सरळ. नुसते उभे राहिले. त्यांच्या मागे तो दुसरा मास्तर, कपाळावर कुंकू. रस्त्याने एक जोडपं सायकलवरून गेलं, इथल्या रीतीप्रमाणे आत न बघता. बाबांचे पाय फार वेळ उभं राहण्याचे नाहीत; ते भार एका पायावरून दुसऱ्यावर घेत होते. "बसा ना बाबा" हे माझ्या ओठांवर आलं, आपल्याकडे म्हातारं माणूस उभं असलं की ते येतंच, आणि मी ते गिळलं, कारण त्या खोलीत तो शब्द माझा नव्हता. मी प्रणिताकडे बघितलं. तिनेही तो म्हटला नाही. ते उभे होते, आणि मी, एवढं सगळं माहीत असलेली मी, बसलेलीच होते.